खिडक्या लाव, फोडणी थांबव

सासू-सासरे जुलैत येऊन डिसेंबरात परत जाणार म्हणालीस, तेव्हाच ठरवलं की वणव्याच्या धुराबद्दल हे तुला लिहून द्यायचं. गणपती आणि दिवाळी नातवाबरोबर व्हावी म्हणून आपल्यातले बहुतेक जण आई-वडिलांना याच महिन्यांत बोलावतात. उत्तर कॅलिफोर्नियातली जंगलं पेटतात तीही याच महिन्यांत. दरवर्षी धूर येतोच असं नाही. पण येतो तेव्हा आधी निरोप पाठवत नाही.

२०१८ साली दिवाळीचा पाडवा ८ नोव्हेंबरला होता. त्या सकाळी ब्यूट काउंटीत ‘कॅम्प फायर’ नावाची आग लागली. पॅरडाइज नावाचं गाव काही तासांत जवळजवळ सगळं जळालं, ८५ माणसं गेली. आपल्या फ्रीमाँटपासून ते गाव सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटर. तरी त्याच दुपारी इकडचा सूर्य तांबडा झाला आणि २१ तारखेला पाऊस पडेपर्यंत धूर काही हलला नाही. १६ तारखेला तर बे एरियातल्या कितीतरी शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मग २०२०. ऑगस्टच्या १६-१७ तारखेला पावसाशिवाय नुसत्या विजा पडल्या, शेकडो ठिकाणी आगी लागल्या, आणि २२ तारखेला गणपती बसले. त्या वर्षी १८ ऑगस्टपासून सलग ३० दिवस बे एरियात खराब हवेचा इशारा लागू होता. म्हणजे आपल्याकडे धूर हा सणासुदीचा पाहुणा आहे असंच धरून चाल.

तुला एकच गोष्ट नीट पटवायची आहे. आपल्या ज्या सवयींना आपण चांगल्या म्हणतो, त्याच धुराच्या दिवसांत नडतात. पहाटे उठून घराच्या खिडक्या सताड उघडणं, देवापुढे धूप घालणं, खमंग फोडणी, सकाळचा फेरफटका, आणि ‘आम्ही चुलीच्या धुरात वाढलो, आम्हाला काही होत नाही’ ही ऐट. तुझ्या घरात जुलैनंतर हे सगळंच असणार आहे, म्हणून आधी सांगते.

पहिलं म्हणजे नाकावर विसंबू नकोस. आग लागते तिथे धुराचा लोट गरम हवेबरोबर काही किलोमीटर उंच चढतो आणि वरचा वारा त्याला पळवतो. वाटेत जड राख गळून पडते, वास देणारे वायू विरळ होतात, बदलतात. शेवटपर्यंत टिकतात ते बारीक कण, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे. तेच फुप्फुसात खोलवर जातात, त्यातले काही रक्तातही उतरतात. त्यामुळे लांबून आलेल्या धुराला कधी कधी वास जवळजवळ नसतोच. असला तरी तासाभरात नाकाला त्याची सवय होते आणि माणूस म्हणतो, गेला वाटतं धूर.

डोळेही फसवतात. ९ सप्टेंबर २०२० ला इथे दिवसभर आकाश केशरी होतं, भर दुपारी घरात दिवे लावावे लागले, सगळ्यांनी फोटो काढून गावी पाठवले. पण त्या दिवशी जमिनीलगतची हवा बरीच बरी होती. समुद्रावरून आलेल्या थंड हवेचा थर खाली होता आणि धूर त्याच्या वर तरंगत होता. पुढच्या एकदोन दिवसांत तो खाली उतरला. आकाश नुसतं पांढुरकं दिसू लागलं, फोटो काढण्यासारखं काही उरलं नाही, आणि हवा खरी वाईट झाली ती तेव्हा.

म्हणून हवेच्या निर्देशांकाचा आकडा बघायचा. एअरनाऊच्या संकेतस्थळावर आग आणि धुराचा नकाशा आहे, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा आणि वनखात्याचा मिळून. त्यावर गोल ठिपके सरकारी यंत्रांचे आणि चौकोनी ठिपके लोकांनी घराबाहेर लावलेल्या छोट्या यंत्रांचे. चौकोन जास्त दाट असतात, त्यामुळे तुझ्या गल्लीजवळचा एखादा सापडेलच. हिरवा, पिवळा ठीक. १०० च्या पुढे नारिंगी लागला की म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाया आणि दम्याची किंवा हृदयाची तक्रार असलेले यांनी बाहेरचं काम आवरतं घ्यायचं. १५० च्या पुढे लाल, म्हणजे सगळ्यांनीच. २०० च्या पुढे जांभळा आणि ३०० च्या पुढे तपकिरी-लाल, तेव्हा घरातच. आज आकाश कसं दिसतंय हे बघण्याऐवजी गेल्या तीन-चार तासांत आकडा चढतोय का उतरतोय हे बघ. सकाळी एकदा बघून दिवसभराचा बेत ठरवला असं करू नकोस. वारा फिरला की दोन तासांत सगळं उलटतं.

इथे सासरेबुवा एक मुद्दा काढतील, तयारीत राहा. ‘पुण्यात आकडा १०० असला तर समाधानकारक म्हणतात, तुम्ही १०० ला घाबरता?’ दोन्ही देशांचे आकडे एका मापाचे नाहीत, हे त्यांना सांग. दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम बारीक कण असले, तर भारतीय निर्देशांकात ते १०० होतात आणि पायरी ‘समाधानकारक’ची. तीच हवा अमेरिकेच्या निर्देशांकात १५० ओलांडून लाल होते. आकडा वेगळा, हवा तीच, छातीही तीच. हे एकदा कागदावर मांडून दाखव, ते हिशेबी माणूस आहेत, पटेल त्यांना.

आता घर. सगळं घर स्वच्छ ठेवायचा अट्टहास करू नकोस, एक खोली सांभाळ. तुमची मागची बेडरूम चांगली आहे. बाहेर उघडणारं दार नाही, खिडकी एकच. धूर आला की सासूबाईंचं अंथरूण आणि मुलाचा अभ्यास तिथेच. खिडकीच्या फटी टेपने बंद कर, दाराखाली टॉवेल लाव आणि हवा शुद्ध करणारं यंत्र तिथे अखंड चालू ठेव. यंत्र घेताना खोक्यावर धुरासाठीचा सीएडीआर, म्हणजे ते किती हवा शुद्ध करतं तो आकडा बघ. खोली जितकी चौरस फूट, तितका तरी तो हवा. हेपा फिल्टरचंच घे. ओझोन सोडणारी यंत्रं ‘ताजी हवा’ म्हणून विकतात, ती घेऊ नकोस. ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. आणि हेपाने कण अडतात, वास नाही. वासासाठी कोळशाचा थर वेगळा लागतो. यंत्र चालू असूनही थोडा वास येतोय म्हणून ते बिघडलं असं समजू नकोस.

यंत्राला पैसे घालायचे नसतील किंवा दुसऱ्या खोलीसाठी हवं असेल, तर घरी बनव. २०२० साली रिचर्ड कोर्सी नावाचे प्राध्यापक आणि फिल्टरच्या धंद्यातले जिम रोझेन्थाल यांनी ही युक्ती पुढे आणली. वीस इंची चौकोनी बॉक्स फॅन, तेवढ्याच मापाचे मर्व्ह १३ चे चार फिल्टर, तळाला पुठ्ठा आणि डक्ट टेप. चार फिल्टर उभे करून चौकोन करायचा, खाली पुठ्ठा, वर पंखा, आणि पंख्याचं तोंड आभाळाकडे. फिल्टरवरचा बाण आतल्या बाजूला हवा, हे मात्र नीट बघ. कडा टेपने अशा बंद कर की बोटभरही फट राहू नये. खर्च शंभर डॉलरच्या आसपास. पंखा जुना वापरू नकोस, २०१२ नंतर बनलेला घे, त्यात सुरक्षेची जादा सोय असते. मोठ्या दुकानातल्या महागड्या यंत्राच्या बरोबरीने हे खोकं काम करतं. दिसायला ओबडधोबड आहे. दिवाणखान्यात ठेवलं तर पाहुणे विचारतात, तेव्हा दोघांना बनवायला शिकवून टाक.

घराच्या हीटिंगमध्येही एक सोय लपलेली आहे. थर्मोस्टॅटवर पंख्याचं बटण ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर टाकलं की गरम-गार न करता नुसती हवा फिरते आणि फिल्टरमधून जाते. पण फिल्टर चांगला हवा. तुमच्या यंत्राला झेपत असेल तर मर्व्ह १३. बाहेरची ताजी हवा ओढायची झडप असेल तर ती बंद कर. खिडकीतल्या एसीलाही अशी छोटी झडप असते. पाण्याचा कूलर असेल तर तो बंदच ठेव, तो बाहेरचीच हवा आत ओततो. गाडीत बसलं की आतली हवा आतच फिरवणारं बटण दाब.

स्वयंपाकघराबद्दल जास्त सांगते, कारण भांडण तिथेच होणार आहे. खिडक्या बंद असताना कढईत चकल्या तळल्या तर घरातला बारीक कणांचा आकडा बाहेरच्याही वर जाऊ शकतो. आपण म्हणतो, चिमणी लावू. चिमणी दोन प्रकारची. एक नुसती जाळीतून हवा फिरवून पुन्हा तुझ्याच तोंडावर सोडते, तिचा या कामी काही उपयोग नाही. दुसरी हवा खरोखर बाहेर टाकते, पण जेवढी बाहेर टाकते तेवढी हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत येते, आणि बाहेर तर धूर. म्हणून त्या दिवसांत मुळात तळण नको, मिरची-मोहरीची कडक फोडणी नको, वांगं विस्तवावर भाजणं नको, पोळ्या शेगडीच्या जाळावर फुगवणं नको. कुकरमधली मुगाची खिचडी, मेतकूट-भात, दहीपोहे, काकडीची कोशिंबीर, इन्स्टंट पॉटमधली आमटी. फोडणी हवीच असेल तर तेल मंद ठेव, जिरं घाल, धूर निघायच्या आत उतरव. फराळ आधी करून डब्यात भर. चकली पंधरा दिवस काही बिघडत नाही. दिवाळीच्या आठवड्यात तळायला बसायचं हा हट्ट कॅलिफोर्नियात सोडलेला बरा.

देवघराचं सासूबाईंशी हळू बोल. उदबत्ती, धूप, कापूर यांचा धूरही त्याच बारीक कणांचा. बंद घरात तो कोंडून राहतो. निरांजनाची एक छोटी वात लावून लगेच शांत केली तर मी त्याला हरकत घेणार नाही, पण तासभर धुमसणारा धूप नको आणि सुवासिक मेणबत्त्या तर मुळीच नकोत. त्यांना सांग, गणपतीला फुलं दुप्पट वाहू. माझ्या पिढीच्या बायकांना नियम मोडायला सांगितलं की राग येतो, पर्याय दिला की येत नाही.

झाडू आणि व्हॅक्यूमचंही तसंच. राख पडली असेल तर केरसुणीने किंवा पानं उडवायच्या यंत्राने उडवू नकोस. ओल्या फडक्याने पूस. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर नसेल तर तो बसलेले कण पुन्हा हवेत उडवतो. अंगणातली तुळस, कढीपत्ता, मेथी पाण्याने नीट धुऊन घे. मुलाची बाहेर पडलेली खेळणीही.

मास्क. ओढणी, रुमाल, ओला पंचा आणि शस्त्रक्रियेचा निळा मास्क, यातलं काही बारीक कण नीट अडवत नाही. एन९५ हवा, दोन्ही पट्टे डोक्यामागे, नाकावरची पट्टी दाबून. सासऱ्यांनी दाढी ठेवली असेल तर कडेने हवा गळते आणि मास्कचा उपयोग बराच कमी होतो. मुलांच्या मापाचे एन९५ प्रमाणित करून मिळत नाहीत, म्हणून लहान मापाचा केएन९५ किंवा केएफ९४ बघ, घट्ट बसतो का ते तपास, आणि नाहीच बसला तर मुलाला बाहेर नेऊ नकोस. बागकामाला, रंगकामाला घरी कुणी येत असतील तर त्यांच्यासाठीही दोन मास्क ठेव. कॅलिफोर्नियात २०१९ पासून नियमच आहे की बारीक कणांचा निर्देशांक १५१ किंवा त्याच्या पुढे गेला की उघड्यावर काम करणाऱ्यांना मालकाने असे मास्क द्यायचे. पण गल्लीतल्या माळ्याला ते कोण देतं?

सकाळचा फेरफटका हा सासऱ्यांचा प्राण आहे. तो बंद कर म्हणू नकोस. धुराच्या दिवशी त्यांना मॉलमध्ये ने. दुकानं उघडायच्या आधी आतल्या लांब ओळींत चालणारी म्हातारी माणसं इथे रोज दिसतात, सासऱ्यांना तिथे तासाभरात दोन मराठी मित्र मिळतील. नाहीतर लायब्ररी. भरभर चालताना माणूस एरवीपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो, म्हणून धुरात केलेला व्यायाम आरामखुर्चीत बसण्यापेक्षा वाईट.

धूर आणि उकाडा एकत्र आले तर मात्र विचार करून वाग. इथल्या जुन्या घरांत एसी नसतो. खिडक्या बंद करून घर तापलं आणि म्हातारं माणूस घामाने निथळायला लागलं, तर त्या क्षणी धुरापेक्षा उकाडा जास्त घातक. अशा वेळी घरात बसून राहू नका. ज्याच्याकडे एसी आहे त्याच्याकडे जा, आमच्याकडे या, लायब्ररीत जा. सासूबाई ‘कुणाकडे कशाला जायचं’ म्हणतील. त्यांना माझ्याशी फोनवर बोलायला दे.

आणि घर कायमचं बंदही ठेवू नकोस. वारा फिरतो, आकडा उतरतो, कधी तासाभरासाठीच. नकाशावर हिरवा दिसला की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड, घरात साठलेलं बाहेर जाऊ दे, आणि पुन्हा लाव. पहाटेचीच वेळ चांगली असं नसतं. रात्री थंड हवा खाली बसते आणि तिच्याबरोबर कित्येकदा धूरही जमिनीलगत अडकून राहतो; दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की मग मोकळं होतं. पहाटेच्या शुद्ध हवेवर आपला फार विश्वास, म्हणून मुद्दाम सांगितलं.

औषधं. सासूबाईंना दमा आहे असं तू एकदा म्हणाली होतीस. तिकडून निघतानाच डॉक्टरांना विचारून पंप जास्तीचा आणायला सांग, चिठ्ठीसकट. पाहुण्यांच्या विम्यात जुन्या आजारांचा खर्च बहुधा बसत नाही. घसा खवखवला की हळदीचं दूध, गुळण्या, वाफ, जे आवडेल ते करू दे. घशाला बरं वाटतं. गूळ खाल्ला की छातीतला धूर निघून जातो असं त्या म्हणतील. गूळ गोड लागतो म्हणून खावा. फुप्फुसात गेलेला कण त्याने बाहेर येत नाही. छातीत दुखणं, बोलताना धाप लागणं, ओठ निळसर होणं, गोंधळल्यासारखं वागणं, यातलं काहीही दिसलं तर ९११. काढा उकळत बसू नकोस.

चुलीच्या धुराचं मात्र मला बोलायचंच आहे. मी साताऱ्याची. फेब्रुवारी-मार्चात डोंगरावर वणवे लागलेले रात्री घरातून दिसायचे, आणि घरात तर बारा महिने चूल. आमच्या आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत कितीजणी पन्नाशीनंतर खोकत असायच्या, जिना चढताना थांबायच्या. त्याला आम्ही वय म्हणायचो. तो धूर होता. जन्मभर धूर गिळलेली फुप्फुसं नव्या धुराला जास्त लवकर थकतात. तेव्हा ‘आम्हाला सवय आहे’ असं कुणी म्हणालं की त्यांनाच आधी आतल्या खोलीत बसव.

आपल्याकडेच हे होतं असं समजून न्यू जर्सीतल्या तुझ्या दिराला सोडून देऊ नकोस. ७ जून २०२३ ला कॅनडातल्या क्यूबेकच्या जंगलांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि तिथला निर्देशांक ४०० च्या पुढे गेला. बेसबॉलचे सामने पुढे ढकलले, शाळांनी मुलांना मैदानावर जाऊ दिलं नाही. त्या उन्हाळ्यात कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळालं. त्याचा धूर युरोपपर्यंत पोचला. त्याच्या एडिसनमध्ये कुणाच्या घरी मास्कचं एक खोकं असलं तर नशीब. त्यालाही हे पाठव.

एक फरक लक्षात ठेव. हे सगळं लांबच्या धुराबद्दल आहे. मोठाली राख पडायला लागली, जळका वास एकदम दाट झाला किंवा धुराचा खांबच दिसला, तर आग जवळ असू शकते, आणि मग खोली सांभाळत बसायचं नाही. अलमीडा काउंटीच्या एसी अलर्टवर तुझा आणि नवऱ्याचा फोन आजच नोंदव. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट, औषधं, चष्मे एका पिशवीत ठेव. इंग्रजी संदेश त्यांना धावपळीत कळणार नाही, म्हणून काय करायचं ते मराठीत लिहून फ्रिजवर चिकटव.

आता खरेदी. एन९५ चं एक खोकं, चार फिल्टर, एक बॉक्स फॅन, रुंद टेप. हे जूनमध्ये घे, सासू-सासरे यायच्या आत. धूर आल्यावर घेऊ म्हणालीस तर मिळणार नाही. २०१८ आणि २०२० या दोन्ही वर्षी पहिल्या काही दिवसांतच इथल्या दुकानांत या वस्तूंच्या फळ्याच रिकाम्या झाल्या होत्या.